मधलं पद

दोन माणसांचं पटतं की नाही, हे मोजायची साधनं आपल्याकडे भरपूर आहेत. पटेल का, हे आधी पत्रिकेतल्या छत्तीस गुणांत मोजतात. नाही पटलं, तर कोर्टाच्या तारखांत आणि बांधावरच्या सरकलेल्या दगडांत मोजतात. लग्नाच्या पंगतीत कोण कुणाकडे पाठ करून बसलं, याची नोंद ठेवणारी एक आत्या तर घराघरात असतेच. पण दोघांचं एकमेकांशी काही म्हणजे काही देणंघेणं नाही, लोभ नाही आणि रागही नाही, ही अवस्था मोजायला आपल्याजवळ काही नाही. 'बोलत नाहीत वाटतं,' असं म्हणून आपण तिला भांडणाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. गणितानं मात्र तिला मानाचा पाट दिला आहे. रेषीय बीजगणितात दोन सदिशांचा आंतरगुणाकार शून्य आला, की ते एकमेकांना लंब आहेत असं म्हणतात, आणि हे म्हणताना कुणी आवाज खाली आणत नाही.

आंतरगुणाकार या भारदस्त नावाआड वाण्याचं बिल बसलेलं असतं. एका यादीत जिनसांची मापं, दुसरीत त्यांचे भाव. पहिल्याला पहिल्यानं गुणायचं, दुसऱ्याला दुसऱ्यानं, आणि शेवटी सगळ्याची बेरीज करायची. तूरडाळ इतके किलो, गुणिले तिचा भाव, असं खाली खाली जात राहायचं. (नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा या लेखात दुसरी डाळ घालणं बरं दिसणार नाही.) आता भावांच्या जागी दुकानात काय शिल्लक आहे त्याची यादी ठेवा. तुम्हाला हवं खोबरं आणि खसखस. फडताळात आहे डाळ आणि गूळ. गुणत गेलं, की प्रत्येक ओळीत कुठलं तरी एक शून्य येतं आणि बेरीजही शून्य. तुमची गरज खरी असते, दुकानदाराचा मालही खरा असतो, कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो. 'उद्या बघा,' तो म्हणतो आणि तुम्ही पायरी उतरता.

असं बिल जिथं जिथं करता येतं, त्या जागेला आंतरगुणाकार अवकाश म्हणतात. तिथले रहिवासी बाणच असले पाहिजेत असं नाही. वळणावळणाच्या रेघा, सूर, दिवसभराच्या तापमानाचे आलेख, कुणीही राहू शकतं. अटी थोड्याच. माझं तुझ्याशी जे नातं, तेच तुझं माझ्याशी. म्हणजे एकतर्फी प्रेमाला तिथं थारा नाही. आणि स्वतःचा स्वतःशी केलेला गुणाकार कधी उणे येत नाही; शून्य आला, तर तिथं कुणी नव्हतंच असं समजायचं. माणसांत ही दुसरी अट रोज मोडली जाते. स्वतःशी उणे नातं असलेली चांगली धडधाकट माणसं मी जवळून पाहिली आहेत.

वैर ही मात्र काटकोनाहून फार वेगळी गोष्ट आहे. आमच्या आळीत शेवग्याच्या एका फांदीवरून दोन म्हाताऱ्यांचं वर्षानुवर्षं वाकडं होतं. पण एकाला खोकला झाला, की दुसऱ्याला आधी कळायचं. कुणाकडे पाहुणे आले, किती दिवस राहिले, जाताना पिशवी भरलेली होती की रिकामी, यातलं काही एकमेकांच्या नजरेतून सुटत नसे. गणिताच्या भाषेत ते दोघे एकाच रेषेवर उभे होते, फक्त तोंडं दोन बाजूंना. एकमेकांच्या इतकं जवळ असणं सख्ख्या भावांनाही जमत नाही. काटकोनात उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या पाहुण्यांची संख्या ठाऊक नसते आणि ती ठाऊक नसल्याचंही त्याला ठाऊक नसतं.

माझे आजी-आजोबा असे काटकोनात राहिले. आजोबांना रेल्वेच्या वेळापत्रकाचं वेड. जुनी, कोपरे दुमडलेली वेळापत्रकं ते पोथीसारखी वाचत. कुठल्या जंक्शनला कोणती गाडी किती वेळ थांबते, हे प्रवासाला न जाता त्यांना पाठ. आजीचा सगळा जीव व्रतवैकल्यांत, तिथींत आणि एकादश्यांत. तिच्या जगात आगगाडीचं काम पंढरपूरला पोचवणं एवढंच, आणि त्यांच्या जगात पंढरपूर म्हणजे कुर्डुवाडीहून निघणारा फाटा. 'त्यांचं कधी पटलंच नाही,' असं घरात सगळे हळू आवाजात म्हणायचे. मला ते तेव्हाही खरं वाटत नसे, पण का वाटत नाही हे सांगायला शब्द नव्हते. पुढे शाळेत (अ + ब) कंसाचा वर्ग आला. अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग. 'मधलं पद गाळू नका रे,' असं मास्तर कळवळून सांगायचे, कारण पोरं नेमकं तेच गाळायची. फार उशिरा समजलं, की सदिशांच्या बेरजेच्या वर्गातही मधे असंच एक पद असतं, दोघांच्या आंतरगुणाकाराची दुप्पट. घरातला सगळा लोभ आणि सगळी कुरबुर त्या मधल्या पदात राहते. ते शून्य झालं, की मागं अ वर्ग अधिक ब वर्ग एवढंच उरतं, आणि त्यालाच आपण पायथागोरसचं प्रमेय म्हणतो. मधलं पद गाळणारी पोरं, म्हणायचं तर, सगळं जग काटकोनात आहे असं धरून चालत होती.

नवापूर हे नाव मी पहिल्यांदा आजोबांच्या तोंडून ऐकलं. सुरत-भुसावळ मार्ग ते बोटानं वाचत चालले होते. ताप्तीच्या खोऱ्यातला हा रूळमार्ग विसावं शतक लागता लागता तयार झाला. 'हे बघ,' ते म्हणाले, 'हे स्टेशन दोन राज्यांत आहे. तिकीट महाराष्ट्रात घ्यायचं आणि तक्रार गुजरातेत करायची.' हे खरं आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. सुमारे 800 मीटरांच्या फलाटातले 300 च्या आसपास मीटर आपल्याकडे, उरलेले पलीकडे. गाड्यांच्या घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. आणि त्या प्रसिद्ध बाकड्यावर मधोमध एक रेघ, अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात. लोक तिथं हौसेनं फोटो काढून घेतात. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, आणि रेघेवर बसवलेलं मूल कुठल्याच राज्यात राहायला तयार नसतं. त्याला भेळ हवी असते.

बाकडं रुळांना समांतर आहे आणि रेघ बाकड्याला आडवी. म्हणजे नवापूरला राज्याची सीमा आणि रेल्वेची वाट, निदान त्या बाकड्यापुरती, काटकोनात भेटतात. रेघेच्या दिशेनं तुम्ही वाटेल तेवढं चाला, सुरत एका पावलानंही जवळ येत नाही आणि भुसावळ दूर जात नाही. उलट गाडीत बसलेला माणूस सीमेला समांतर तसूभरही न सरकता तिला सरळ छेदून जातो. पण गंमत पुढे आहे. भूमितीत एखाद्या सरळ सीमेचं वर्णन करायचं झालं, तर ती कुठून कुठे जाते हे सांगत बसत नाहीत. तिला लंब असलेली एक दिशा सांगतात आणि आरंभापासूनचं अंतर सांगतात. बस्स, सीमा तयार. कितीही मितींत जा, हीच रीत. म्हणजे सीमेची खरी ओळख तिच्याजवळ नसतेच. ती तिला ओलांडून जाणाऱ्याच्या दिशेत असते. नवापूरची सीमा ही, अशा हिशेबानं, तिथून जाणाऱ्या पॅसेंजर गाडीनं सांगितलेली गोष्ट आहे.

ती सीमा तिथं आली 1 मे 1960 ला. स्टेशन त्याच्या कितीतरी आधीपासून उभं होतं. मुंबई राज्याची वाटणी झाली, पश्चिम खानदेशातली दीडशेवर गावं गुजरातकडे गेली, आणि रेघ ओढता ओढता फलाटावरून गेली. स्टेशन उचलून कुठल्या एका बाजूला ठेवावं, असा हट्ट कुणी धरला नाही याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे 1998 मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला, म्हणजे नवापूरकर जागचे हलले नाहीत आणि त्यांचा जिल्हाही बदलला. दारूचं म्हणाल, तर पलीकडे बंदी आहे आणि अलीकडे नाही. पण फलाटावर झिंगणं दोन्हीकडे गुन्हाच, त्यामुळे बाकड्यापुरता हा फरक तात्त्विक पातळीवरच राहतो.

काटकोनाच्या बाबतीत खानदेश तसा जुना जाणता. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथं मठ उभारला, त्याला मिळालेल्या दानाची ही नोंद, साल 1207. नातवानं आजोबांच्या नावानं गणिताची शाळा काढावी, यापरतं श्राद्ध कोणतं! त्या शाळेत 'लीलावती' शिकवताना 32 हातांचा तो वेळू नक्की मोडला असेल. वारा येतो, वेळू मोडतो, शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर टेकतो. किती उंचीवर मोडला? 12 हातांवर. पाण्यावर अर्धा हात डोकं काढून उभं असलेलं कमळही वाऱ्यानंच कलतं आणि दोन हातांवर बुडतं; तळ्याची खोली पावणेचार हात. मोर आणि सापाचं उदाहरण मात्र वाऱ्याचं नाही. खांब 9 हातांचा, त्यावर मोर. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, आणि साप 27 हातांवरून घराकडे निघालेला. दोघांनी सारखंच अंतर तोडलं तर गाठ कुठे पडेल? बिळापासून 12 हातांवर. उत्तर सुबक आहे, पण सापाला त्यात समाधान वाटण्यासारखं फारसं नाही. नवापूरच्या आसपासच्या रानांत वेळू पुष्कळ, आणि तो वाऱ्यानं नुसता वाकलेला दिसला तरी मला त्याचा काटकोन त्रिकोण दिसू लागतो, हा भास्कराचार्यांचा दोष.

जगात सगळंच काही जन्मतः काटकोनात नसतं. वाकड्यातिकड्या दिशा घेऊन त्यांना काटकोनात आणायची एक कृती आहे, तिला ग्राम आणि श्मिट यांची नावं आहेत. पहिली दिशा जशी आहे तशी ठेवायची. दुसरीची पहिलीवर जेवढी सावली पडते तेवढी तिच्यातून वजा करायची. उरेल ती पहिलीला लंब. मग तिसरीतून पहिल्या दोघींवरच्या सावल्या वजा, असं पुढे. मुलं सोळा-सतरा वर्षांची झाली की घरोघरी हेच चालू होतं. वडिलांसारखं जे जे आपल्यात आहे ते काढून टाकायचं आणि उरेल त्याला 'मी' म्हणायचं. या कृतीत थोरल्याला काहीच बदलावं लागत नाही, सगळी वजाबाकी धाकट्यांनी करायची, हेही आपल्याकडच्या रीतीला धरूनच आहे. कधी कधी सगळं वजा केल्यावर मागं शून्यच उरतं. गणित अशांना अवलंबी म्हणतं आणि यादीतून गाळतं. घरात मात्र अशा मुलाला आज्ञाधारक म्हणून नावाजतात. ग्राम हे डेन्मार्कचे. विमा कंपनीत काम करता करता त्यांनी 1883 मध्ये हा विषय मांडला. श्मिट यांचा लेख 1907 चा. विम्याच्या कचेरीत आयुष्यभर धोक्यांची मोजदाद केलेले ग्राम 1916 साली विज्ञान अकादमीच्या बैठकीला चालले असताना एका सायकलची धडक बसून गेले. हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं.

पण आंतरगुणाकाराबद्दल जे मला सर्वांत उशिरा उमगलं आणि सर्वांत जास्त आवडतं, ते हे, की तो एकच नसतो. एकाच अवकाशात वेगवेगळे आंतरगुणाकार बसवता येतात, नियम सगळे पाळून. आणि माप बदललं की काटकोनही बदलतात. नकाशा कोपऱ्याला धरून तिरका ताणा. गावं आपापल्या शेजारीच राहतात, पण चौकांचे काटकोन जातात. तेव्हा 'ही दोन माणसं काटकोनात आहेत' हे वाक्य अर्धंच आहे. कुठल्या मापानं, हे सांगायचं राहिलं.

सरकारी मापानं नवापूरला दोन बाजू आहेत. मावची, गामीत, कोकणी बोलणाऱ्यांच्या सोयरिकीच्या मापानं पाहिलं, तर त्या रेघेची लांबी किती भरेल सांगता येत नाही. मराठी आणि गुजराती इथं एकमेकींवर एवढ्या सावल्या टाकून बसल्या आहेत, की ग्राम-श्मिटांनाही वजाबाकी अवघड जावी. नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहताचं घर गुजराती बोलणारं. 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा हातात घेऊन तो पोलिसांच्या गोळीला सामोरा गेला, तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याचं स्मारक नंदुरबारच्या मराठी माणसानं कधी परक्याचं मानलेलं नाही.

आजी गेल्यानंतरची एक गोष्ट. आजोबांनी त्या महिन्यातल्या एकादशीला जेवण घेतलं नाही. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पुढच्या एकादशीलाही तेच. तिथी त्यांना कशी कळायची, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. मला ते वेळापत्रक सापडलं, तेव्हा कळलं. गाड्यांच्या रकान्यांशेजारी, बारीक पेन्सिलीनं, वर्षभराच्या एकादश्या लिहिलेल्या होत्या. अक्षर आजोबांचं होतं, आणि वेळापत्रक आजी हयात असतानाचं. आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं बोलण्याचं माप लावून त्यांचं मधलं पद शून्य काढलं होतं.

हजारो मितींच्या अवकाशात, म्हणतात, डोळे मिटून कुठल्याही दोन दिशा निवडल्या तर त्या जवळपास काटकोनातच निघतात. नुसतं सिद्ध करता येतं एवढंच नव्हे, हिशेब करून पाहताही येतं. शब्दांना आकड्यांच्या लांबलचक याद्या बनवून त्यांच्यातला कोन मोजणारी यंत्रं आता आहेत, ती याच अवकाशात वावरतात. एका माणसाच्या मिती मोजायला बसलं तर हजार कुठेच पुरणार नाहीत. तेव्हा फलाटावरच्या कुठल्याही दोन अनोळखी माणसांचं एकमेकांशी काही नसणं, हा रूक्षपणा नसून साधा भूमितीचा परिणाम असावा. त्यातूनही कुणी जरा सरकून जागा देतं आणि 'कुठवर?' असं विचारतं, ते नियमाला अपवाद म्हणूनच घ्यायला हवं.

या सगळ्यात आपल्या माणसाचं नाव यायचं राहिलं. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या कोसबेनचे, जन्म 1907. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना 1943 मध्ये त्यांनी फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. यदृच्छेनं हेलकावे खाणारी एखादी रेघ घेऊन तिचे असे तुकडे पाडायचे, की कुठलाही तुकडा दुसऱ्याच्या कामात लुडबुड करणार नाही, आणि जो सर्वांत जास्त सांगतो तो पहिला यावा. ही त्यातली कल्पना. आज खवळलेल्या प्रवाहांच्या अभ्यासापासून चेहरे ओळखण्यापर्यंत ती वापरतात. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला जा-ये करत. याच माणसानं प्राचीन आहत नाणी हजारोंनी तोलली, हातोहात फिरताना झिजलेल्या वजनावरून इतिहास वाचला, जनुकांमधल्या अंतराचं सूत्र 1944 मध्ये दिलं आणि 1956 मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहिली. गणितवाल्यांना वाटे, इतिहासात वेळ घालवतात; इतिहासवाल्यांना वाटे, हा गणिताचा माणूस आपल्यात कशाला. दोघांच्याही मापानं नाणी आणि फलनं काटकोनात होती. कोसंबींच्या तराजूत ती नव्हती.

त्या 1943 च्या कल्पनेला जगभर नाव पडलं ते फिनलंडचे कारुनेन आणि फ्रान्समधले लोएव यांचं, कारण त्यांनी ती नंतरच्या वर्षांत स्वतंत्रपणे मांडली आणि ती चटकन पसरली. अलीकडे काही पुस्तकांत कोसंबी-कारुनेन-लोएव असं लिहिलेलं दिसतं, सगळ्या नाही. तेव्हा नंदुरबारात, पुण्यात किंवा पणजीत जिथं कुठे हे प्रमेय शिकवत असाल, तिथं फळ्यावर तिन्ही नावं लिहा आणि कोसंबींचं पहिलं लिहा. कुठलंही माप लावलं तरी 1943 हे त्या दोघांच्या आधीच येतं.